उतार आणि कडा : घरच्या दूरचित्राचा एक इतिहास

(१)

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे बहुधा कार्यक्रमांचा, कलावंतांचा आणि सरकारी धोरणांचा विचार करतात, व तो योग्यच आहे. परंतु हवेंतून आलेलें चित्र घरांत नीट उतरावें म्हणून घरच्या माणसांनीं काय काय खटाटोप केले, चित्र बिघडलें असतां त्याचें कारण त्यांनीं कसें ओळखलें, आणि ओळखण्याचें हें सामर्थ्य काळाबरोबर वाढलें कीं घटलें, हा प्रश्नहि इतिहासाचाच आहे. तो गच्चीवरील काठीचा आणि पेटीमागील तारेचा आहे म्हणून क्षुल्लक ठरत नाहीं. कोणतेंहि यंत्र घरांत आलें म्हणजे त्याच्याबरोबर त्याचे रुसवेहि येतात. आणि ते रुसवे घरच्या माणसास कळतात कीं नाहीं यावर तो त्या यंत्राचा धनी कीं आश्रित हें ठरतें.

मुंबईस दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९७३ मध्यें सिंहगडावर मनोरा उभा राहून तेथील चित्रें पुण्यास दिसूं लागलीं. तेव्हांपासून पुण्यांतील वाड्यांच्या कौलांवर आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या कांड्यांचे सांगाडे उभे राहिले. त्या सर्वांचीं तोंडें नैर्ऋत्येस, सिंहगडाकडे, वळलेलीं असत. १९८० च्या सुमारास आमच्या वाड्यांत असा एकच सांगाडा होता, आणि रविवारीं संध्याकाळीं चित्रपट लागण्यापूर्वीं त्याची आराधना करावी लागे. एक जण कौलांवर चढे, एक जिन्यांत उभा राही, आणि आजोबा पेटीसमोर खुर्ची टाकून न्यायाधीशासारखे बसत.

"आलं का?"

"आलं, आलं! ... गेलं. थोडं मागं फिरवा!"

"आतां?"

"आहे, पण मुंग्या आहेत अजून."

हा संवाद ज्यांनीं ऐकला नाहीं असें त्या पिढींतील घर विरळाच. त्यांत विनोद आहे खरा. पण त्यांत विद्याहि आहे. कौलांवरील माणसास लहरींचें शास्त्र ठाऊक नव्हतें. तरी काठी बोटभर फिरविल्यानें चित्र किती सुधारलें, हें त्यास क्षणांत कळत होतें, कारण बिघाड आपलें स्वरूप पडद्यावर उघड करीत होता. तंबोरा लावणारा खुंटी पिळतां पिळतां ऐकतो, तसाच हा प्रकार होता. त्यानंतर आलेल्या अंकीय, म्हणजे डिजिटल, पद्धतीनें चित्र निर्मळ केलें, पण ही खूण मात्र नाहींशी केली. जुनें चित्र घाटाच्या उतारासारखें हळूहळू खालीं जात असे. नवें चित्र पठारावरून सरळ चालत जातें आणि कोंकणकड्यावर यावें तसें एकदम संपतें. उताराचा कडा कसा झाला, आणि त्या कड्यापाशीं उभ्या राहिलेल्या सामान्य गृहस्थास कोणी हात दिला, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

(२)

ज्या सांगाड्यास आपल्याकडे नुसतें अँटेना म्हणत, त्याची कल्पना १९२६ सालीं जपानांतील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठांत शिन्तारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं मांडली. रचना अगदीं साधी. तार जोडलेली एक मुख्य कांडी; तिच्या मागें तिच्याहून किंचित् लांब अशी दुसरी, ती आरशाचें काम करते; आणि पुढें थोड्या आंखूड कांड्यांची ओळ, ती लहरीस वाट दाखविते. मुख्य कांडीची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारें निम्मी असावी लागते. लहर पांच मीटरांची असेल तर कांडी अडीच मीटरांची, आणि अर्ध्या मीटराची असेल तर वीतभराहून थोडी अधिक. म्हणून सांगाड्याचा आकार पाहूनच तो कोणत्या जातीच्या लहरींसाठीं आहे हें जाणत्यास कळे. प्रोफेसरांच्या या शोधाची त्यांच्या स्वदेशीं फारशी कदर झाली नाहीं. १९४२ मध्यें सिंगापूर पडल्यावर जपानी अधिकाऱ्यांस ब्रिटिशांच्या टिपणांत यागी हा शब्द वारंवार आढळला, आणि त्याचा अर्थ त्यांना एका युद्धकैद्यास विचारावा लागला. तें तुमच्याच एका प्राध्यापकाचें नांव आहे, असें त्यानें सांगितलें, अशी कथा प्रसिद्ध आहे.

आतां पडद्यावरील खुणांकडे वळूं. जुन्या पद्धतींत चित्राचा प्रत्येक ठिपका किती उजळ वा किती काळा हें लहरीच्या कमीअधिक जोरावरच अवलंबून असे. त्यामुळें लहरीस जें जें होई तें तें चित्रासहि होई. लहर दुबळी झाली कीं पेटींतील विद्युत्कणांची स्वतःची कुजबूज तिच्या बरोबरीस येई, आणि पडद्यावर ठिपके वळवळूं लागत. त्यांसच आपल्याकडे मुंग्या म्हणत. मुंग्या दिसल्या म्हणजे काठी उंच करावी, तोंड फिरवावें, अगर पावसानें कुजलेली चपटी तार बदलावी, हा उपाय मुलांनाहि ठाऊक होता. शेजारीं मिक्सर लागला वा खालीं स्कूटर सुरू झाली, कीं ठिणग्यांच्या लहरींनीं पडद्यावर आडव्या ठिपक्यांच्या रेघा उठत. तेव्हां काठीस हात न लावतां मिक्सर थांबण्याची वाट पाहावयाची, हेंहि सर्वांस कळत असे.

सर्वांत बोलकी खूण सावलीची. नटाच्या उजव्या अंगास त्याचीच फिकट आकृति दिसे. तिचें कारण असें कीं, मनोऱ्यापासून एक लहर सरळ येई, आणि दुसरी एखाद्या डोंगरावर वा उंच इमारतीवर आपटून थोडी उशिरा येई. पडद्यावरील एक रेघ सुमारें ५२ मायक्रोसेकंदांत डावीकडून उजवीकडे काढली जात असे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पडदा चाळीस सेंटिमीटर रुंद धरला, तर सावली एक सेंटिमीटर सरकली म्हणजे दुसरी लहर सुमारें १.३ मायक्रोसेकंद मागाहून आली. आणि तेवढ्या अवधींत लहर जवळजवळ ४०० मीटर जाते. म्हणजे साध्या पट्टीनें सावली मोजून, आपला डोंगर किती वळसा घालावयास लावतो, हें घरबसल्या सांगतां येत असे. हें गणित फारसें कोणी केलें नसेल. पण तें करण्यास लागणारी सर्व सामग्री पडद्यावर मांडून ठेवलेली होती, हें महत्त्वाचें.

या जुन्या दिवसांचें आम्हांस अवास्तव कौतुक करावयाचें नाहीं. चित्र बहुधा सुमारच असे. कावळ्यानें बसून काठी वांकविली कीं पुन्हां कौलांवर चढणें आलें, आणि पावसाळ्यांत तें जिवावरचें काम होतें. पुष्कळ गांवें डोंगराआड असल्यानें त्यांच्या वांट्यास मुंग्यांखेरीज कांहीं येत नसे. शिवाय एका कार्यक्रमासाठीं लहरींचा एक रुंद पट्टा अडून राही. ही उधळपट्टी फार दिवस चालणें शक्य नव्हतें.

(३)

अंकीय पद्धतीचा मूळ विचार असा कीं, चित्राचा उजेड लहरीच्या जोरावर न सोंपवितां त्याचे अंक करावे, त्या अंकांची गाळणी करून अनावश्यक तें टाकावें, आणि उरलेले अंकच हवेंतून धाडावे. युरोपांत यासाठीं १९९३ मध्यें डीव्हीबी नांवाची संस्था स्थापन झाली, आणि जमिनीवरील मनोऱ्यांसाठींचें तिचें मानक १९९७ मध्यें मान्य झालें. ब्रिटनमध्यें १५ नोव्हेंबर १९९८ पासून या पद्धतीचे कार्यक्रम घराघरांत दिसूं लागले. पूर्वीं एका कार्यक्रमास जेवढी जागा लागे तेवढ्यांत आतां पांचसहा कार्यक्रमांची जुडी बसूं लागली. या जुडीस तिकडे मल्टिप्लेक्स म्हणतात. आपण जुडीच म्हणूं.

या पद्धतींत दोन युक्त्या आहेत, आणि आमच्या विषयाचें सर्व मर्म त्यांत आहे. पहिली युक्ति सावलीवरची. एकाच लहरीवर अंकांचा वेगवान लोंढा सोडला तर उशिरा आलेल्या प्रतिध्वनीनें पुढचा अंक मागच्यांत मिसळेल. म्हणून हा लोंढा शेंकडों बारीक लहरींवर वांटून दिला जातो. ब्रिटनमध्यें आरंभीं अशा १७०५ लहरी एका जुडींत असत. प्रत्येक लहरीवर अंक सावकाश चालतात, आणि दोन अंकांमध्यें थोडा अवकाश मोकळा सोडलेला असतो. हा अवकाश ब्रिटनमध्यें पहिल्यानें ७ मायक्रोसेकंदांचा होता. तेवढ्यांत लहर दोन किलोमीटरांवर जाते. म्हणून त्या मर्यादेंतील प्रतिध्वनि निरुपद्रवी ठरला. पुढें लहरींची संख्या ६८१७ केली गेली आणि अवकाश २८ मायक्रोसेकंदांवर गेला. म्हणजे आठ किलोमीटरांचा वळसाहि पचूं लागला. डोंगराची सावली पडद्यावरून कायमची गेली ती अशी.

दुसरी युक्ति मुंग्यांवरची. आपल्याकडे वेदपाठकांनीं संहितेचें एक अक्षरहि चळूं नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठ रचले. तेच शब्द निरनिराळ्या क्रमानें पुन्हां पुन्हां येत असल्यानें एका पाठांतील चूक दुसऱ्यानें पकडली जाते. अंकांच्या बाबतींत असेंच कार्य अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० मध्यें सिद्ध केलें. डीव्हीबीच्या पहिल्या मानकांत १८८ अंकगटांच्या मागें १६ ज्यादा अंकगट जोडलेले असतात. या २०४ पैकीं कोणतेहि ८ चुकले तरी मूळ मजकूर जसाचा तसा उभा करतां येतो. नवव्या चुकीपासून मात्र हा आधार सुटतो.

येथेंच उताराचा कडा झाला. लहर दुबळी होत चालली, तारेंत पाणी शिरलें, काठी वाऱ्यानें वळली, तरी आठ चुकांपर्यंत पडद्यावर त्याची खूणहि उमटत नाहीं; चित्र पूर्वींइतकेंच स्वच्छ. नंतर थोडेंसें कांहीं घडतें, आणि चित्राचे चौकोन विस्कटतात, आवाज तुटतो, पडदा काळा होतो. ज्या यंत्रणेनें चुका झांकल्या, तिनेंच इशारेहि झांकले. वर्षानुवर्षें कड्याच्या धारेवर पाय ठेवून चित्र पाहणाऱ्या गृहस्थास आपण कोठें उभे आहों याची कल्पनाच नसते.

(४)

हा पालट एका संबंध देशानें कसा पचविला, याचें ब्रिटन हें चांगलें उदाहरण आहे. तेथें दूरचित्राची नियमित सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली होती, आणि दोन पिढ्यांस काठी व तार यांची सवय होती. नवी पद्धति आली तेव्हां जुन्या चित्रांस धक्का लागूं नये म्हणून नव्या जुड्या जुन्या वाहिन्यांच्या मधल्या फटींत, अत्यंत कमी जोरानें, बसविल्या गेल्या. जुनीं चित्रें साडेअकराशेंहून अधिक ठाण्यांवरून दिसत, तर नवीं आरंभीं सुमारें ८० ठाण्यांवरूनच. परिणाम असा झाला कीं, ज्यांनीं नवी पेटी घेतली त्यांपैकीं पुष्कळांच्या जुन्या काठ्या व जुन्या तारा कड्याच्या अलीकडे पलीकडे होत्या. फ्रीजचें बटण चालूबंद झालें तरी त्यांचें चित्र गोठे. ज्या कंपनीनें पैसे घेऊन ही सेवा चालविली ती २००२ मध्यें बुडाली, आणि त्याच वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं फ्रीव्ह्यू या नांवानें विनामूल्य सेवा सुरू झाली. तिच्यासाठीं लहरींचा अंकरचनेचा प्रकार बदलून ती अधिक काटक करण्यांत आली, कार्यक्रमांची संख्या थोडी कमी पत्करून. कड्यापासून दोन पावलें मागें सरण्याचा हा शहाणपणा होता.

जुनी पद्धति मात्र एकदम बंद केली नाहीं. प्रथम उत्तरेकडील व्हाइटहेवन या लहानशा बंदराची निवड झाली. तेथें १७ ऑक्टोबर २००७ रोजीं पहिली जुनी वाहिनी, आणि सुमारें चार आठवड्यांनीं उरलेल्या वाहिन्या बंद झाल्या. मग एकेक प्रांत घेत घेत २४ ऑक्टोबर २०१२ रोजीं उत्तर आयर्लंडमध्यें हें काम पुरें झालें. जुन्या वाहिन्या गेल्यामुळें नव्यांचा जोर वाढवितां आला, सर्व लहान ठाण्यांवर त्या पोंचल्या, आणि सुमारें साडेअठ्ठ्याण्णव टक्के घरें त्यांच्या टप्प्यांत आलीं.

पण या पालटांतील आम्हांस सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट यंत्राची नाहीं. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्ध, अपंग आणि दृष्टिहीन यांच्यासाठीं सरकारनें मदतीची एक योजना आंखली. घरीं माणूस येई, पेटी जोडी, आवश्यक असेल तर काठी तपासून देई, आणि ती कशी वापरावी हें समजावून सांगे. बहुतेकांस त्यासाठीं ४० पौंड पडत, आणि ठराविक सरकारी मदतीवर असलेल्या गरिबांस कांहींच नाहीं. पडदा काळा झाल्यावर हातांत बटणांची पट्टी घेऊन बसलेल्या एकट्या माणसाचा विचार धोरण आंखणाऱ्यांनीं आधीं केला होता, हें नमूद करण्याजोगें आहे.

पुढेंहि त्या घरांस स्वस्थता मिळाली असें नाहीं. मोकळ्या झालेल्या वरच्या पट्ट्यांत मोबाईल टेलिफोनच्या लहरी आल्या. लहर वाढविण्यासाठीं गच्चीवर बसविलेल्या बूस्टरांनीं त्या नव्या लहरीहि वाढविल्या, आणि नको त्या गर्दींत हवें तें चित्र गुदमरूं लागलें. तेव्हां मोबाईल कंपन्यांच्या खर्चानें चालणाऱ्या एका संस्थेनें घरोघर चाळण्या पाठविल्या. २०२० पर्यंत आणखी एक पट्टा रिकामा करण्यांत आला. प्रत्येक वेळीं जुड्यांच्या जागा बदलत आणि लोकांना पेटींत सर्व कार्यक्रम पुन्हां शोधून घ्यावे लागत. १० ऑगस्ट २०२१ रोजीं उत्तर यॉर्कशायरमधील बिल्सडेलच्या मनोऱ्यास आग लागली, तेव्हां तर लाखों घरांचे पडदे एकदम काळे झाले. घरांतील कोणतेंहि बटण दाबून तें दुःख हटण्यासारखें नव्हतें; पण काळा पडदा हें सांगत नाहीं. तुटलेली तार, जळलेला मनोरा आणि बदललेली जागा या तिहींचा त्याच्यापाशीं एकच रंग.

(५)

या काळ्या रंगाचा अर्थ आम्हांस एका घरगुती प्रसंगानें कळला. आमची एक मावशी लग्न होऊन इंग्लंडांत गेली ती तेथेंच राहिली. यजमान वारल्यावर ऐंशीच्या पुढच्या वयांत ती एका लहान गांवीं एकटी राहत होती, आणि संध्याकाळचें दूरचित्र हाच तिचा शेजार होता. एका उन्हाळ्यांत, हवा निश्चळ आणि आकाश निरभ्र असतां, तिचा टेलिफोन आला. पडदा काळा पडला होता.

"अरे, माझ्याच हातून कांहीं तरी दाबलं गेलं असणार," ती म्हणाली. "पेटी म्हणाली पुन्हां शोधा, म्हणून मी शोधलं, तर होतं तेंही गेलं."

"मावशी, शेजारणीकडे दिसतंय का?" आम्हीं विचारलें.

ती विचारून आली. शेजारणीकडेहि दिसत नव्हतें.

वाड्यांतहि पहिला प्रश्न हाच असे, आणि अंकीय युगांतहि तोच पहिला असावा. शेजारीं दिसत असेल तर दोष आपल्या काठींत, तारेंत वा पेटींत. दिसत नसेल तर दोष बाहेर. मावशीच्या बाबतींत तो हवेंत होता. उन्हाळ्यांत वायुभार वाढून गार हवेच्या थरावर ऊन हवेचा थर पसरला, म्हणजे एरवीं क्षितिजापलीकडे निघून जाणाऱ्या लहरी वांकून शेंकडों मैलांवर उतरतात. अशा वेळीं समुद्रापलीकडचें ठाणें आपल्या ठाण्याच्याच लहरींवर येऊन पडतें, आणि अवकाश ओलांडून आलेल्या त्या परक्या लहरीनें अंकांची घडी मोडते. जुन्या पद्धतींत अशा दिवशीं पडद्यावर आडव्या पट्ट्या, क्वचित् परक्या देशाची पुसट आकृति दिसे, आणि हवा पालटेल म्हणून लोक थांबत. नव्या पद्धतींत पडदा नुसता काळा. त्यांत पेटीस पुन्हां शोधावयास सांगितलें, कीं ती आधीं जुनी यादी पुसते, मग हवेंत शोधते, आणि त्या क्षणीं कांहीं सांपडत नाहीं म्हणून रिकामी यादी घेऊन बसते. दोन दिवस कांहीं करूं नकोस, असें आम्हीं मावशीस सांगितलें. तिसऱ्या दिवशीं ढग आले, वारा सुटला, तिनें पुन्हां शोध घेतला, आणि सर्व कार्यक्रम परतले. तरी दोष आपलाच होता ही तिची समजूत आम्हांस शेवटपर्यंत काढतां आली नाहीं.

वस्तुतः नव्या पेटीसहि बोलतां येतें. ती फक्त विचारल्याशिवाय बोलत नाहीं. बहुतेक पेट्यांत कोठें तरी आंत दोन पट्ट्या दडलेल्या असतात, एक लहरीच्या जोराची आणि एक तिच्या गुणाची. जोर व गुण दोन्ही कमी असतील तर तार, तिचीं टोकें आणि काठीचें तोंड तपासावें. जोर भरपूर पण गुण कमी असेल, तर बूस्टर अति झाला आहे, किंवा प्रतिध्वनि अगर परकी लहर मिसळते आहे. येथें आणखी एक बूस्टर लावणें म्हणजे बहिऱ्याशीं बोलतां बोलतां ऐकणाऱ्याच्या कानाशीं ओरडणें होय. एकाच जुडीचे कार्यक्रम गेले आणि बाकीचे शाबूत असतील, तर त्या जुडीच्या लहरींत दोष आहे, संबंध काठींत नाहीं. दोन ठाण्यांच्या मध्यें राहणाऱ्या ब्रिटिश घरांत पेटी दोन्हीकडचे कार्यक्रम टिपते आणि जास्तीचे ८०० च्या पुढील क्रमांकांवर टाकते. तेव्हां आपला प्रांत हरवला असें वाटल्यास तेथें पाहावें, अथवा आपोआप शोध सोडून हातानें एकेक जुडी निवडावी. तेथील मोठ्या ठाण्यांच्या लहरी आडव्या असतात आणि लहान ठाण्यांच्या बहुधा उभ्या. म्हणून शेजाऱ्यांच्या काठ्यांच्या कांड्या उभ्या आहेत कीं आडव्या हें एकदां नजर वर करून पाहिलें, तर पुष्कळ कष्ट वांचतात. हें सारें ज्ञान जुन्या मुंग्यासावल्यांहून अवघड नाहीं. फरक इतकाच कीं, तें ज्ञान पडद्यावरून निघून यादीच्या चौथ्यापांचव्या पानाआड जाऊन बसलें आहे.

(६)

आपल्या देशांत हा इतिहास निराळ्या वळणानें गेला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोगादाखल सुरू झालेलें दूरचित्र १९८२ मध्यें रंगीत झालें, आणि उपग्रहाच्या साह्यानें लहान लहान ठाणीं गांवोगांव उभीं राहिलीं. पण १९९० नंतर केबलची तार घरांत शिरली, मग छपरावर थाळ्या आल्या. दूरदर्शनची स्वतःची विनामूल्य थाळीहि डिसेंबर २००४ पासून मिळूं लागली. कौलांवरील काठी ओस पडत गेली. २०१६ च्या फेब्रुवारींत दूरदर्शननें नव्या अंकीय मानकानें सोळा शहरांत प्रक्षेपण सुरू केल्याचें जाहीर केलें, आणि त्यांत मुंबई व औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, हीं होतीं. तथापि तोंपर्यंत लोकांचा रस्ता बदलला होता. जुन्या पद्धतीचीं ठाणीं एकामागून एक बंद होत गेलीं, आणि मोक्याच्या कांहीं स्थळांचा अपवाद सोडून उरलेलीं ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचें ठरलें. ब्रिटनांत जें सरकारी पत्रें, मुदती आणि मदतनीस यांच्या साक्षीनें झालें, तें आपल्याकडे जवळजवळ कोणाच्या ध्यानांत न येतां झालें.

याचें एक कारण, निरोप द्यावयास फारसें कोणी उरलें नव्हतें. परंतु दुसरेंहि एक कारण आहे. बिघाड समजून घेण्याची जबाबदारी आपण आधींच केबलवाल्याच्या आणि कंपनीच्या माणसाच्या हवालीं करून मोकळे झालों होतों. पावसांत थाळीवरचें चित्र गोठलें, कीं आपण तक्रार नोंदवितों आणि वाट पाहतों. ढग दाट असतांना उपग्रहाच्या बारीक लहरी पावसांत शोषल्या जातात आणि पाऊस ओसरतांच परततात, हें ठाऊक असलेलीं घरें किती? वाड्यांतील मुलास मुंग्यांचें कारण ठाऊक होतें. त्याच्या नातवास काळ्या पडद्याचें नाहीं. नातू अडाणी आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या यंत्रानें त्याला शिकविण्याचें सोडून दिलें, एवढाच याचा अर्थ.

आम्हांस नव्या पद्धतीविरुद्ध तक्रार करावयाची नाहीं. स्वच्छ चित्र हें चांगलेंच. डोंगराआडच्या गांवास सावली न पडतां बातमी दिसावी हें त्याहून चांगलें. परंतु जेथें कडा आहे तेथें कठडा बांधण्याचें काम पाहणाऱ्याचें नाहीं, रस्ता बांधणाऱ्याचें आहे. लहरीचा गुण घसरूं लागतांच पेटीनें तें साध्या मराठींत सांगावें. सर्व ठाणेंच बंद असेल तर तसें म्हणावें. आणि कांहीं सांपडलें नाहीं तर जुनी यादी पुसूं नये. हें अशक्य नाहीं, कारण पेटीस सर्व कांहीं ठाऊक असतें. तसें झालें असतें तर आमच्या मावशीनें त्या निरभ्र संध्याकाळीं स्वतःस दोष न देतां खिडकींत खुर्ची घेतली असती, आणि हवा पालटण्याची वाट पाहिली असती.

पुण्याच्या जुन्या भागांत एखाद्या गच्चीवर अजून तसा सांगाडा दिसतो. तार तुटलेली, दोन कांड्या गळालेल्या, वर कावळा. तोंड मात्र नैर्ऋत्येस.